होडी घेताना (भाग ७) : आधी काठ बघा

इंजिन किती हॉर्सपॉवरचे घ्यावे, ते या आठवड्यात सांगायचे ठरले होते. ते राहू द्या. नवापूरच्या एका शिक्षकांचे पत्र आले आहे आणि त्यातला प्रश्न इंजिनाच्या आधीचा आहे. ते लिहितात, ‘सपाट बुडाच्या बारा फुटी ॲल्युमिनियम होडीची तुम्ही एवढी बाजू घेतलीत, पण ती उकाईच्या पाण्यात उतरवायची कुठून?’

परदेशी मासिके वाचून होडी घेणाऱ्याच्या डोळ्यांसमोर एक चित्र असते. पाण्यात शिरणारा सिमेंटचा उतार, ट्रेलर मागे घेतला, होडी तरंगली, गाडी वर. आपल्या धरणांना भिंत असते, विश्रामगृह असते, ‘पोहण्यास मनाई’चा फलक असतो, होडी सोडायला उतार मात्र क्वचितच. उकाईचा जलाशय भरला की सुमारे ६०० चौरस किलोमीटर पसरतो, आमच्या सुरत-सोनगडच्या बाजूने थेट नंदुरबार जिल्ह्यात शिरतो. एवढ्या पाण्यात होडी सोडायला जागा मिळणार नाही असे कुणाला वाटेल? पण पूर्ण भरलेल्या उकाईची पातळी ३४५ फूट आणि उपशाची खालची मर्यादा २७० फूट. काठ जिथे पसरट, तिथे ही घट काही शे मीटर आडवी होते. दिवाळीत जिथे गाडी उभी करून होडी लोटली, तिथून मे महिन्यात पाणी नुसते दिसते. मध्ये असतो वरून वाळलेला, भेगाळलेला, आतून लोण्यासारखा काळा गाळ. त्यात चारचाकी घालणाऱ्याला संध्याकाळी ट्रॅक्टरवाला शोधावा लागतो, आणि ट्रॅक्टरवाल्याला ते आधीच ठाऊक असते.

म्हणून माझे म्हणणे असे की होडी पाणी बघून निवडू नये, काठ बघून निवडावी. बारा फुटी सपाट बुडाच्या होडीचे रिकामे वजन साधारण ६० ते ८० किलो. पंधरा हॉर्सपॉवरचे टू-स्ट्रोक इंजिन चाळिसाच्या आत-बाहेर, २५ लिटरची भरलेली टाकी वीसच्या आसपास. हे सगळे सुटे करून नेले तर चार माणसे दोन-तीन खेपांत काम उरकतात. हीच होडी फायबरची घेतली तर बहुधा जड भरते, आणि चौदा फुटी असली तर चार जणांचे काम राहत नाही. फायबरचा एक गुण मात्र मान्य केला पाहिजे : तडा गेला तर राळ, कापड आणि एक दुपार पुरते. ॲल्युमिनियम फाटले तर आर्गन वेल्डिंगवाला लागतो. तो उधन्यात मिळेल. निजर-कुकरमुंड्याच्या काठावर कुठे शोधणार?

उचलायचे नसेल तर लोटावे. कोकणात किनाऱ्यावर होड्या चढवताना खाली गोल ओंडके घालतात आणि मागचा ओंडका उचलून पुन्हा पुढे टाकतात. उकाईला हेच काम शेतीचे जाड पीव्हीसी पाइप करतात. होडीच्या रुंदीपेक्षा थोडे लांब असे तीन तुकडे ट्रेलरवरच बांधून ठेवावेत. भेगाळलेल्या गाळावरही हे चालतात. मात्र घोट्याच्या वर पाय रुतू लागला की तिथून परत फिरावे.

काठ बघून माल उतरवायची अक्कल सुरतेला जुनी आहे. सतराव्या शतकात सुरत बंदराचे नाव जगभर झाले, पण मोठी जहाजे सुरतेपर्यंत येतच नव्हती. तापीच्या मुखाशी गाळाचा उंबरा होता. जहाजे थांबत सुवालीला, कारण तिथे वाळूच्या दांड्याआड किनाऱ्याजवळच खोल, निवाऱ्याचे पाणी होते. १६१२ साली इंग्रज कप्तान थॉमस बेस्ट पोर्तुगिजांशी लढला तो इथेच, आणि १६१५ साली जहांगीरच्या दरबारी निघालेला टॉमस रो उतरला तोही इथेच. माल पुढे बैलगाड्यांनी आणि लहान पडावांनी शहरात जाई. जकात सुरतेत, जहाज सुवालीत. हौशी मासेमाराने डुमसच्या किनाऱ्यावर उभे राहून या व्यवस्थेचा जरा विचार करावा.

कारण खंबातच्या आखाताच्या तोंडाशी भरती-ओहोटीतला फरक उधाणाला पाच मीटरच्या वर जातो. सिंगणपोरच्या कॉजवेच्या वर तापीत भरती शिरत नाही. खालच्या अंगाला, मगदल्ल्याकडे, नदी दिवसातून दोनदा भरते आणि दोनदा ओसरते. भरतीच्या ऐन टोकाला होडी सोडून तासाभरात परत येणारा शहाणा. माशांच्या नादात तीन तास काढणारा परत येतो तेव्हा काठ आणि तो यांच्या मध्ये चिखलाचे मैदान असते, आणि त्या चिखलावर चालता येत नाही. नवख्याने उधाण टाळून भांगाचे दिवस धरावेत, हे मी पहिल्या भागापासून सांगतो आहे. तरी पत्रे पौर्णिमेचीच येतात.

आता ट्रेलर. कायद्याच्या लेखी ट्रेलर हे मोटार वाहनच, १९८८च्या मोटार वाहन कायद्याच्या व्याख्येतच त्याचा समावेश आहे. म्हणजे नोंदणी आणि नंबरप्लेट ओघाने आलेच. वर्कशॉपवाल्याने वेल्डिंग करून दिलेला सांगाडा राष्ट्रीय महामार्गावर नेऊ नये. इंजिन लावलेल्या होडीची नोंदणी वेगळी. तिच्यासाठी १९१७चा कायदा जाऊन २०२१चा आला आहे. मासे धरायचे असतील तर जलाशयाचा मासेमारी हक्क ज्यांच्याकडे आहे त्या सहकारी संस्थेला किंवा ठेकेदाराला आधी भेटा. तिथल्या आदिवासी मच्छीमारांचे जाळे तुमच्या पंख्यात अडकले तर त्यांचा महिन्याचा हिशेब बिघडतो.

ट्रेलरचा तोल नीट बसवा. एकूण वजनाचा साधारण दहावा हिस्सा गाडीच्या हुकवर यायला हवा. मागे जास्त भार गेला की वेग वाढताच ट्रेलर शेपटी हलवू लागतो, आणि व्याऱ्याच्या पुढे ट्रकांच्या रांगेत हा अनुभव कुणी घेऊ नये. रिव्हर्स घेताना हात स्टिअरिंगच्या तळाशी धरा. हात ज्या बाजूला जाईल त्याच बाजूला ट्रेलरचा मागचा भाग जातो. रविवारी सकाळी मोकळ्या मैदानात दोन रिकामे डबे ठेवून सराव करा, म्हणजे काठावर बायकोसमोर ओरडावे लागणार नाही.

सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट म्हणजे चाकांचे बेअरिंग. सुरतेहून सोनगडपर्यंत जाताना हब तापतो. तसाच पाण्यात घातला तर आतली हवा झटकन आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढते. ग्रीस दुधाळ होते, गंज धरतो आणि परतीच्या वाटेवर चाक कुरकुरू लागते. म्हणून पोचल्यावर लगेच ट्रेलर पाण्यात घालू नका. चहा प्या, हबला हात लावून बघा. जवळ एक बेअरिंगचा जोड, सील आणि ग्रीसची डबी ठेवा.

शिक्षकांना माझे उत्तर असे : तुमच्या बाजूला कडक मुरमाचा काठ असेल तर बारा फुटी होडी ट्रेलरवर न्या आणि पाणी पन्नास-साठ पावलांवर असेतोवर पाइपांवरून लोटा. काळी जमीन असेल तर पावसाळ्यात ट्रेलरचा विचारच नको. तेव्हा फुगवायची रबरी होडी डिकीत टाका, फक्त काठावरच्या बाभळीचे काटे आणि पाण्याखालचे झाडांचे बुंधे यांपासून जपा. मेमध्ये वारा सुटला की उघड्या पाण्यात दोन्ही होड्या नकोत.

इंजिन पुढच्या वेळी, नक्की. तोवर होडीच्या मागच्या फळीची उंची टेपने मोजून कळवा. ती १५ इंच निघते की २० इंच, यावर इंजिनाचा शाफ्ट ठरतो.