जुन्या तुर्की टोपीचे वय

'आजोबांची, खिलाफत चळवळीतली' म्हणून एका घरची तुर्की टोपी आमच्याकडे आली. आत छाप चेकोस्लोव्हाकियाचा. बोहेमियातील स्ट्राकोनित्से गावी या टोप्या बनत. ते गाव १९१८ पर्यंत ऑस्ट्रियाच्या अमलाखाली होते. म्हणजे माल त्यानंतरचा. चळवळ १९१९ ते १९२४ ची. दावा शक्य, पण सिद्ध नाही.

गोंड्याचा एक धागा जाळला. रेशमाला जळक्या केसांचा वास येतो, येथे कागदाचा आला. रेयॉन! हा बदललेला असावा. आतली चामडी पट्टी नायलॉनच्या दोऱ्याने शिवलेली, आणि नायलॉन जगापुढे आले १९३८ साली. शेजारी जुन्या टाक्यांची रिकामी छिद्रे मात्र शाबूत. मंडळी हिरमुसली. विकण्यापूर्वी नवी पट्टी लावणार होती, आम्ही थांबवले. मूळ शिवणीचा पुरावा त्या छिद्रांतच आहे.