हवेत दीड तास, जमिनीवर साडेतीन

मुंबई ते नागपूर विमानाने किती वेळ लागतो? कुठे 50 मिनिटे असे उत्तर मिळते, तर कंपन्यांच्या वेळापत्रकात जवळपास दीड तास दिसतो. पहिला आकडा निव्वळ भागाकाराचा आहे. दोन विमानतळांमधले सरळ अंतर सुमारे 680 किलोमीटर, त्याला जेट विमानाच्या ताशी 800 किलोमीटर वेगाने भागले की झाले. पण विमान काही धावपट्टी सोडताच त्या वेगाने जात नाही. उंची गाठायला साधारण वीस मिनिटे लागतात आणि मुक्काम दीड-दोनशे किलोमीटर दूर असतानाच उतरायला सुरुवात होते. म्हणजे एवढ्या मार्गावर पूर्ण वेग मिळतो तो जेमतेम निम्म्या अंतरात. शिवाय वेळापत्रकातली वेळ मोजली जाते ती विमान जागेवरून हलल्यापासून दुसरीकडे जागेवर उभे राहीपर्यंत. मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. साहजिकच उड्डाणाआधी रांग लागते आणि उतरण्याआधी आकाशात घिरट्या घालाव्या लागतात. हिवाळ्यात उंचावरचे वारे पश्चिमेकडून वाहतात, म्हणून नागपूरहून येताना आणखी काही मिनिटे जास्त लागतात.

प्रवाशाने मात्र या दीड तासावरही विसंबू नये. दादरच्या घरून विमानतळ गाठायला एक तास धरा. बहुतेक कंपन्यांचे चेक-इन काउंटर उड्डाणाच्या तासभर आधी बंद होतात, म्हणून दीड तास आधी पोहोचावे लागते. उतरल्यावर सामानासाठी अर्धा तास आणि घर गाठायला अर्धा तास. एकूण पाच तास झाले. 680 किलोमीटरला पाच तास म्हणजे ताशी 136 किलोमीटर, आणि समृद्धी महामार्गावर मोटारीची वेगमर्यादा आहे 120.

यावर कोणी म्हणेल, मग रस्त्यानेच जावे. तसे नाही. 2025 मध्ये पूर्ण झालेल्या 701 किलोमीटरच्या समृद्धीचे आठ तास मोजले जातात ते भिवंडीजवळच्या आमणेपासून. तिथवरचा शहरी रस्ता, जेवणखाण आणि विसावा धरला की दहा-अकरा तास सहज होतात, आणि तेवढा वेळ स्टिअरिंगवर बसणे जोखमीचेच. विमान आजही पाच-सहा तास वाचवते. रात्रीच्या रेल्वेचा हिशेब मात्र वेगळा. तिला 837 किलोमीटरसाठी अकरा-बारा तास लागतात, पण त्यातले बरेचसे झोपेत जातात, दिवस मोडत नाही. कंपन्या वेळापत्रकात मुद्दाम जास्त वेळ धरतात, असाही आक्षेप घेतला जातो. त्यात तथ्य आहे. पण पुढची गाडी किंवा कामाची वेळ ठरवणाऱ्याला फसव्या 50 मिनिटांपेक्षा हा सैल आकडाच उपयोगी पडतो.

यातून निघणारा निष्कर्ष साधा आहे. एवढ्या अंतरावर अधिक वेगवान विमान आणून फार तर दहा मिनिटे वाचतील. खरा वेळ वाचेल तो जमिनीवर. 2024 मध्ये मुंबईच्या भुयारी मेट्रोने विमानतळाच्या दोन्ही टर्मिनलना स्टेशन दिले, ती सुधारणा याच दिशेची आहे. राज्यातल्या प्रत्येक नव्या विमानतळाच्या आराखड्यात धावपट्टीइतकेच महत्त्व शहरात पोहोचवणाऱ्या बस आणि रेल्वेला मिळायला हवे. आणि तिकीट काढताना आपणही उड्डाणाचा वेळ न पाहता घरापासून घरापर्यंतचा वेळ मोजावा.