ट्रेलरचा हुक घेण्याआधी भाराचा हिशेब करा

आखाती देशांत पिकअप किंवा मोठ्या जीपमागे ट्रेलर ओढणे ही रोजची बाब आहे. होडी, जनरेटर, घोडे, चाकांवरची राहण्याची खोली, सारे काही मागे जोडून नेतात. रत्नागिरी-रायगडकडून तिकडे गेलेले आमचे वेल्डर, फिटर आणि ड्रायव्हर बंधू हे काम जवळून पाहतात. या कामातल्या एका वस्तूविषयी मात्र गैरसमज फार आहेत. तिला वेट डिस्ट्रिब्यूशन हिच म्हणतात. आपण तिला भार वाटणारा हुक म्हणू. हा हुक लावला की गाडी जास्त वजन ओढते, असे अनेकजण छातीठोकपणे सांगतात. ते साफ चूक आहे आणि या चुकीची किंमत रस्त्यावर मोजावी लागते.

ज्याने बैलगाडी जुंपली आहे त्याला यातले निम्मे आधीच ठाऊक असते. माल मागे जास्त भरला की गाडी उलाळ होते, पुढे जास्त भरला की बैलांच्या मानेवर येते. ट्रेलरचेही तसेच आहे. मोटारीमागच्या ट्रेलरचे भरलेले वजन जितके असेल त्याच्या शेकडा १० ते १५ इतका भार दांडीवर, म्हणजे हुकावर पडला पाहिजे. त्याहून कमी पडला तर वेगात ट्रेलर सापाच्या शेपटीसारखा डोलू लागतो आणि शेवटी गाडीलाच फिरवतो. जास्त पडला तर गाडीचे बूड बसते, नाक वर होते, स्टिअरिंग हलके लागते आणि पुढच्या ब्रेकची पकड कमी होते.

आता आकड्यांत पाहू. समजा ट्रेलर भरून १६०० किलो आहे आणि हुकावर २०० किलो पडतात. गाडीच्या पुढच्या आणि मागच्या चाकांत ३ मीटर अंतर आहे आणि हुक मागच्या ॲक्सलच्या १.२ मीटर मागे आहे. मागचा ॲक्सल हा तराजूचा काटा समजा. २०० गुणिले १.२ भागिले ३, म्हणजे पुढच्या चाकांवरून ८० किलो उचलले गेले. मागच्या चाकांवर मात्र २०० नव्हे, २८० किलो वाढले. नवख्या माणसाला हे पटत नाही. तो म्हणतो, हुकावर २०० आणि चाकावर २८० कसे? बाकीचे ८० पुढून आले, इतकेच.

भार वाटणारा हुक या ठिकाणी कामाला येतो. त्याच्या डोक्यातून स्प्रिंग स्टीलचे दोन बार मागे ट्रेलरच्या दांडीखाली जातात आणि साखळीने किंवा कंसाने ताणून वर बांधले जातात. हातगाडीच्या मुठी वर उचलल्या की भार पुढच्या चाकाकडे सरकतो, तसेच हे दोन बार करतात. वरच्या उदाहरणात हुकापासून ट्रेलरचा ॲक्सल ४ मीटर मागे असेल आणि पुढच्या चाकांचे गेलेल्यातले ४० किलो परत आणले, तर सुमारे २३ किलो ट्रेलरच्या ॲक्सलवर जातात आणि मागच्या चाकांवरची वाढ २८० वरून २१७ वर येते. एकूण बेरीज २०० ती २००च राहते. भार नाहीसा होत नाही, फक्त वाटला जातो. म्हणून गाडी, तिच्या खालची रिसीव्हर चौकट, बॉल, कपलर आणि टायर यांत ज्याची क्षमता सर्वांत कमी, तीच सगळ्या जोडणीची क्षमता.

निवड कशी करावी

पहिली गोष्ट, गाडीसोबत आलेले पुस्तक वाचा. काही गाड्यांना कंपनी असा हुक लावूच देत नाही, काहींना ठराविक वजनापुढे तो लावलाच पाहिजे असे सांगते. रिसीव्हरच्या पट्टीवर बहुधा दोन आकडे असतात, एक साध्या हुकाचा आणि दुसरा भार वाटणाऱ्या हुकाचा. दुसरा मोठा असतो. साधा हुक लावून त्या आकड्यावर विसंबू नये. ट्रेलरला गाडीच्या धक्क्याने चालणारा ब्रेक असेल तर हा हुक त्याला चालतो की नाही, हे दोन्ही बनवणाऱ्यांच्या सूचनांत पाहावे.

दुसरी गोष्ट बारची. अमेरिकन बनावटीचे बार पौंडांत येतात, ६००, ८००, १०००, १२०० असे. हुकावरच्या भारात गाडीच्या मागच्या ॲक्सलच्या मागे ठेवलेले सामानही धरायचे. आपल्या २०० किलोंत हत्यारांची ६० किलोंची पेटी मिळवली तर २६० किलो, म्हणजे सुमारे ५७३ पौंड. ६०० चे बार पुरतात, पण पुढे माल वाढणार असेल तर ८०० चे घ्यावेत. "मोठाच घेऊन टाका" हा दुकानदाराचा सल्ला मात्र घेऊ नका. गरजेपेक्षा फार ताठ बार गाडीला आणि ट्रेलरच्या दांडीला प्रत्येक खड्ड्यात हादरे देतात.

बॉलच्या मापात तर अनेकजण फसतात. १ ७/८ इंची बॉल २ इंची कपलरमध्ये बसल्यासारखा दिसतो, खटकाही लागतो आणि पहिल्या मोठ्या उसळीत निसटतो. ५० मिलिमीटर आणि २ इंच हेही एक नव्हे. बॉलवर कोरलेले माप डोळ्यांनी पाहूनच घ्यावे. शारजाच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारातून हुक घेत असाल तर डोक्याची भोके लांबट झाली आहेत का आणि कोपऱ्यांत बारीक तडे आहेत का, हे रंग खरवडून बघा. नवा रंग मारलेला जुना हुक असेल तर आम्ही दुप्पट संशयाने पाहू.

आमच्या वेल्डर बंधूंना एक कळकळीची विनंती. या बारवर वेल्डिंग करू नका, तापवून वाकवू नका. स्प्रिंग स्टीलचे पाणी एकदा उतरले की तो बार दिसायला तोच असतो, पण ताण सोसत नाही. ट्रकच्या जुन्या पाट्यांपासून बार बनवून विकण्याचा मोहही आवरा. त्यावर लिहिलेला क्षमतेचा आकडा कोणी तपासलेला नसतो. माप-वजनात खोट करणाऱ्यांना कुरआनात सूरह मुतफ्फिफीनमध्ये सक्त ताकीद आहे. ती फक्त धान्याच्या दुकानापुरती आहे, असे आम्हाला वाटत नाही.

बसवण्याची कसोटी सोपी आहे. सपाट जमिनीवर पुढच्या चाकाच्या कमानीची उंची मोजा. ट्रेलर जोडून, बार न ताणता, पुन्हा मोजा. समजा ८५ चे ८९ सेंटिमीटर झाले. मग बार ताणून तिसऱ्यांदा मोजा. कंपनीने निम्मा भार परत आणायला सांगितला असेल तर ८७ वर थांबा. ८५ च्या खाली तर कधीच नेऊ नका. मागच्या चाकांची पकड जाते आणि वळणावर गाडीचे बूड फेकले जाते. रस्ता सोडून वाळूत किंवा खोल उतारावर जाताना बार ढिले करावे लागतात. बॉलला ग्रीस हवे, पण डोलणे रोखणारी घर्षणाची पट्टी असेल तर तिला तेलाचा थेंबही लागू देऊ नका. सुरक्षा साखळ्या दांडीखालून फुलीसारख्या बांधा, म्हणजे बॉल निसटला तरी दांडी रस्त्यात रुतत नाही.

आपल्याकडचा ट्रॅक्टर-टँकर

महाराष्ट्रात हे काम करणाऱ्या वर्कशॉपांचा जास्त संबंध ट्रॅक्टरमागच्या दोन चाकी ट्रॉलीशी आणि पाण्याच्या टँकरशी येतो. तिथे असा हुक लावत नाहीत. म्हणून भाराची वाटणी ॲक्सल कुठे बसवता यावरच ठरते. ५००० लिटर पाणी म्हणजे ५००० किलो, शिवाय टाकीचे लोखंड. हुकावर ६०० किलो आले, हुक मागच्या ॲक्सलच्या ७० सेंटिमीटर मागे आणि ट्रॅक्टरच्या चाकांत २ मीटर अंतर असेल, तर पुढून २१० किलो गेले. सपाटीवर हे निभते. चढावर टाकी अर्धी असली तर पाणी मागे धावते, उतारावर पुढे येऊन धक्का देते. म्हणून टाकीत आडवे पत्रे घालाच. पाणी जाण्यापुरती भोके ठेवावीत. गिऱ्हाईक खर्च वाचवायला ते नको म्हणाले तर काम सोडलेले बरे. पुढच्या बंपरवर वजने लावून घ्या आणि ओढण्याची जागा नेहमी मागच्या ॲक्सलच्या खाली ठेवा. तिथून वर, टॉप लिंकच्या जागी साखळी बांधून ओढले तर ट्रॅक्टर मागे उलटून ड्रायव्हरच्या अंगावर येतो.

टँकर बनवून देताना गिऱ्हाइकाला हेही सांगा, की ट्रेलरची नोंदणी वेगळी करावी लागते आणि मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ६१ प्रमाणे ओढणाऱ्या ट्रॅक्टरचा नंबर ट्रेलरवरही दिसला पाहिजे. दोन ट्रॉल्या असतील तर तो शेवटच्या ट्रॉलीवर लावायचा. ट्रेलरचा विमाही उतरवला आहे ना, हे पॉलिसीत वाचून घ्यायला सांगा, आणि टाकी किती लिटरची व रिकामी किती किलोची, हे दांडीवरच्या पट्टीत ठोकून द्या.