यास्नाया पोल्याना : टॉलस्टॉय यांचे घर

मॉस्कोच्या दक्षिणेला सुमारे २०० किलोमीटरवर, तूला शहराजवळ यास्नाया पोल्याना ही लिओ टॉलस्टॉय यांची जमीनदारी आहे. जंगल, तळी आणि सफरचंदाच्या बागा असलेली ही मालमत्ता त्यांना आईकडून मिळाली. त्यांचा जन्म १८२८ साली इथेच झाला आणि ८२ वर्षांच्या आयुष्यातील बराचसा काळ त्यांनी इथेच घालवला. ‘वॉर अँड पीस’ आणि ‘अ‍ॅना कॅरेनिना’ या कादंबऱ्यांचे लेखनही प्रामुख्याने इथेच झाले.

प्रवेशद्वाराशी दोन गोल, पांढरे बुरूज आहेत. तिथून मोठ्या तळ्याच्या कडेने बर्च वृक्षांचा सरळ रस्ता घराकडे चढत जातो. या परिसराला आजचे रूप दिले ते टॉलस्टॉय यांचे आजोबा, आईचे वडील प्रिन्स निकोलाय वोल्कोन्स्की यांनी. ‘वॉर अँड पीस’मधील करारी वृद्ध प्रिन्स बोल्कोन्स्की हे पात्र त्यांच्यावरूनच घडले. नातवाने आजोबांना पाहिले नव्हते, पण त्यांनी आखलेल्या वाटांवरून तो आयुष्यभर फिरला.

टॉलस्टॉय यांचा जन्म झाला ती मुख्य इमारत मात्र आज तिथे नाही. तरुणपणी जुगाराच्या कर्जापायी ती विकावी लागली, आणि घेणाऱ्याने ती सुटी करून दुसरीकडे नेली. मागे दोन बाजूच्या इमारती उरल्या. त्यांपैकी एकीत टॉलस्टॉय यांनी संसार थाटला. दुसरीत १८५९ साली त्यांनी शेतकऱ्यांच्या मुलांसाठी मोफत शाळा उघडली. तिथे शिक्षा नव्हती आणि वर्गात बसण्याची सक्तीही नव्हती.

राहते घर १९१० साली होते तसेच जपलेले आहे. दिवाणखान्यात लांब जेवणाचे टेबल, समोवार, पियानो आणि भिंतींवर क्राम्स्कोय व रेपिन यांनी काढलेली चित्रे दिसतात. अभ्यासिकेत लिहिण्याच्या टेबलापुढे बुटकी खुर्ची आहे. ज्या चामडी कोचावर टॉलस्टॉय यांचा जन्म झाला, तोही याच खोलीत आहे. ग्रंथसंग्रहात तीसहून अधिक भाषांतील सुमारे २२ हजार पुस्तके आहेत. ‘वॉर अँड पीस’चे खर्डे पुन्हापुन्हा हाताने उतरवून काढणाऱ्या पत्नी सोफिया यांची खोलीही आवर्जून पाहावी.

या घराचा भारताशीही संबंध आहे. १९०९ साली महात्मा गांधींनी टॉलस्टॉय यांना पहिले पत्र लिहिले आणि त्याचे उत्तर यास्नाया पोल्यानाहून गेले. पुढच्याच वर्षी जोहान्सबर्गजवळ सत्याग्रहींसाठी ‘टॉलस्टॉय फार्म’ उभा राहिला.

उत्तरायुष्यात खासगी मालमत्ता अन्यायकारक आहे, असे टॉलस्टॉय यांचे ठाम मत झाले होते. राहणे मात्र नोकरचाकर असलेल्या या घरातच होते. ही ओढाताण आणि घरातले कलह असह्य होऊन १० नोव्हेंबर १९१०च्या पहाटे त्यांनी घर सोडले. दहा दिवसांनी अस्तापोवो रेल्वे स्थानकावर त्यांचा मृत्यू झाला. त्यांच्या इच्छेनुसार दफन याच जमिनीतील जंगलात, एका घळीच्या काठावर झाले. लहानपणी मोठा भाऊ निकोलाय सांगत असे, की सर्व माणसांना सुखी करण्याचे रहस्य लिहिलेली हिरवी काठी तिथे पुरलेली आहे. समाधीवर क्रूस नाही, नावही नाही. फक्त गवताने झाकलेला मातीचा उंचवटा आहे.

१९२१ साली ही वास्तू सरकारी संग्रहालय झाली आणि मुलगी अलेक्झांड्रा तिची पहिली प्रमुख झाली. १९४१ साली जर्मन सैन्याने ४५ दिवस इथे तळ ठोकला आणि माघार घेताना घराला आग लावली. कर्मचाऱ्यांनी आणि गावकऱ्यांनी ती विझवली. मौल्यवान वस्तू आधीच सायबेरियातील तोम्स्कला हलवल्या होत्या, म्हणून त्या वाचल्या.

इथे येणाऱ्याने केवळ घर पाहून परतू नये. समाधीपर्यंत चालत जावे. घरात टॉलस्टॉय यांचे जगणे दिसते आणि समाधीपाशी त्यांचा विचार. या दोन्हींतले अंतर समजले, की त्यांचे साहित्य अधिक खोलवर कळते.