घराण्याचा कागद दुसऱ्याच्या घरात

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे चार वाजायच्या सुमारास भूकंपाने किल्लारी-सास्तूर पट्ट्यातली दगडमातीची, माळवदाची घरे झोपलेल्या माणसांवर कोसळली. माणसे हजारोंनी गेली. त्या हानीपुढे कागदांचे नाव काढणेही जिवावर येते. तरीही लोहारा तालुक्यातल्या घराण्यांचा मागोवा घ्यायचा, तर सुरुवात इथूनच करावी लागते, कारण सास्तूर आज याच तालुक्यात आहे. कोनाड्यातली पत्रे, ट्रंकेतल्या पावत्या, माळ्यावरच्या बोचक्यातली दप्तरे मातीखाली गेली. पुढे 52 गावे नव्या जागी वसली. जुनी गल्ली मोडली आणि तिच्याबरोबर ‘अमक्यांच्या वाड्याशेजारचे तमके’ ही ओळखही मोडली. अशा मुलखात वंशवृक्ष मांडायला बसलेला माणूस आधी स्वतःच्या घरातले कागद शोधतो आणि काहीच हाती लागत नाही म्हणून थांबतो. माझे म्हणणे असे की, त्याने शोधाची जागाच बदलावी. इथल्या घराण्यांचा इतिहास त्यांच्या स्वतःच्या घरात कमी आणि लेकींच्या सासरी, सुनांच्या माहेरी, सोलापूर-पुण्याला गेलेल्या भावकीकडे आणि अनेक वेगवेगळ्या कचेऱ्यांत जास्त आहे. तो पत्रव्यवहार करून, एकमेकांना कागद दाखवूनच जुळतो.

कचेऱ्या अनेक का, याला कारण आहे. हा टापू एका राज्यकर्त्याच्या हातून दुसऱ्याच्या हाती जात राहिला. 1853 च्या तहाने निजामाने नळदुर्ग जिल्हा कंपनी सरकारकडे सोपवला, 1860 मध्ये तो परत गेला. मधल्या काळात इथला कारभार पाहणाऱ्या मेडोज टेलर या अधिकाऱ्याने जमीनमोजणीचे कामही हाती घेतले होते. निजामी राज्यात 1884 पर्यंत दरबारी भाषा फारसी होती, त्यानंतर उर्दू आली. 1948 च्या पोलीस कारवाईनंतर जहागिरी मोडल्या, 1956 मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, 1982 मध्ये लातूर जिल्हा वेगळा झाला आणि 1999 मध्ये उमरग्यातून लोहारा तालुका निघाला. त्यामुळे आजच्या तालुक्याच्या नावाने जुना कागद मागणाऱ्याला रिकाम्या हाताने परतावे लागते. लोहाऱ्यातल्या शेतकऱ्याच्या पणजोबांची नोंद उमरग्याच्या किंवा धाराशिवच्या अभिलेख कक्षात असू शकते, आणि जमीन इनामाची असेल तर मुन्तखब, म्हणजे त्या इनामाचा दाखला, हैदराबादच्या पुराभिलेखागारापर्यंत घेऊन जातो.

तारखांचा गुंता वेगळाच. निजामी नोंदी फसली सनात असत आणि फसली वर्ष ऑक्टोबरच्या सुरुवातीला, आजूर महिन्यापासून धरले जाई. समजा, एका उर्दू रजिस्टरात जन्माची नोंद आहे, ‘आजूर 1347 फसली’. ऑक्टोबर ते डिसेंबरमधल्या तारखांना 590 मिळवायचे, म्हणजे हे साल 1937. तीच नोंद खुर्दाद महिन्यातली असती, तर 591 मिळवून 1938 झाले असते. आता त्याच घरातल्या बाळंतपणाची खबर माहेरी कळवणारे पत्र ‘आश्विन वद्य, शके 1859’ असे दिनांकित असेल, तर 78 मिळवून पुन्हा 1937 च येते आणि दोन्ही कागद ऑक्टोबरअखेरीस येऊन भेटतात. रजिस्टर एकटे असते, तर त्यात बापाच्या नावापुढे ‘मुलगी’ एवढेच राहिले असते. त्या मुलीचे नाव आणि तिच्या आईचे माहेर पत्रातून कळते. दोन निरनिराळ्या हातांनी, निरनिराळ्या हेतूंनी लिहिलेले कागद एकच गोष्ट सांगतात, तेव्हाच मी त्याला पुरावा म्हणतो.

यावर पहिला आक्षेप असा की, सरकारी दप्तर असताना घरच्या चिठ्ठ्याचपाट्यांची गरज काय? 2023 मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीने कुणबी नोंदींसाठी मराठवाड्यातली दप्तरे धुंडाळली. खासरा पत्रके, जन्ममृत्यूची रजिस्टरे, शाळेचे प्रवेश-निर्गम उतारे यांवरची धूळ त्यानिमित्ताने झटकली गेली. गावोगावचे लोक मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांच्या शोधात निघाले. हे फार चांगले झाले. पण तो शोध एका नोंदीसाठी होता. ती सापडली की माणूस झेरॉक्स काढून घरी जातो. महसुली दप्तर जमीन कोणाकडे होती आणि सारा कोणी भरला हे सांगते. घर का फुटले, धाकटा भाऊ सोलापूरच्या गिरणीत का गेला, रझाकारांच्या काळात बायकामुलांना सरहद्दीपलीकडे कोणाच्या आश्रयाला पाठवले, हे त्यात येण्याचे कारणच नाही. ते पत्रांत येते. त्यातही पाकीट जपलेले असेल तर दुधात साखर. निजामी टपालाची तिकिटे फक्त निजामाच्या राज्यात चालत, त्यामुळे तिकीट पाहूनच पत्र राज्यातल्या राज्यात फिरले की सरहद्द ओलांडून गेले, हे कळते.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. पत्रे लिहिणार कोण? ज्याला अक्षरओळख होती तो. म्हणजे हा मार्ग देशमुख-कुलकर्ण्यांचा, आणि कुलवृत्तान्तांची आपली परंपराही बहुतेक अशाच घराण्यांभोवती फिरली. आक्षेप खरा आहे आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. पण कागद नसलेल्या घराण्यांचा मागही दुसऱ्यांकडेच राहतो, उलट त्यांचा तर जास्तच. सीमाभागात हेळवी घरोघर फिरून पिढ्यान्‌पिढ्यांची नावे सांगत आले. तीर्थक्षेत्रीचे उपाध्ये यजमानांची नावे आपल्या वह्यांत उतरवत आले. याच तालुक्यातल्या हिप्परग्याला 1921 मध्ये राष्ट्रीय शाळा निघाली, पुढे स्वामी रामानंद तीर्थ तिथे शिकवायला आले. अशा शाळांतून शिकलेल्यांनी गावातल्या कित्येकांची पत्रे लिहून दिली असतील, वाचून दाखवली असतील. सांगणारा निरक्षर असला तरी पत्र त्याचेच असते. बलुतेदाराचे नाव स्वतःच्या कागदावर नसेल, पण पाटलाच्या धान्याच्या हिशेबात असू शकते. म्हणून ज्यांच्याकडे दप्तरे टिकली, त्यांनी ती इतरांसाठी उघडणे हा मला उपकार वाटत नाही, ते देणे आहे. वि. का. राजवाडे घराघरांतून दप्तरे गोळा करत हिंडले, ती राजकारणाच्या इतिहासासाठी. तेवढीच चिकाटी साध्या घरांसाठी का नको?

राहिली भाऊबंदकी. जुना कागद बाहेर काढला की वाटणीचा दावा उभा राहील, ही भीती गावात खरीच असते, आणि तिच्यापायी अनेक बोचकी अजून सुटलेली नाहीत. तिला उत्तर व्यवहारातलेच हवे. मूळ कागद घराबाहेर जाऊ देऊ नये. मोबाइलवर दोन्ही बाजूंचा फोटो काढावा, पाकीट असल्यास त्याचाही. गटनंबर आणि रकमा झाकाव्यात. नाव, नाते, गाव, तारीख एवढेच कळवावे, आणि हयात माणसांविषयीचे काही असेल तर त्यांना विचारल्याशिवाय पुढे पाठवू नये. वर्षश्राद्धाला, लग्नाला भावकी जमते तेव्हा म्हाताऱ्यांना तो फोटो मोठा करून दाखवावा आणि ते काय सांगतात ते त्यांच्याच शब्दांत, सांगणाऱ्याच्या नावासह उतरवून घ्यावे. दोघांच्या सांगण्यात फरक पडला तर दोन्ही ठेवावे. पुढे एखाद्या लेकीच्या सासरहून तिसरे पत्र निघाले, की कोणाचे बरोबर ते ठरवता येईल.