मिशीवरून जात ओळखू नये

गडहिंग्लजच्या एका वाचकाचा प्रश्न आहे : ‘आमच्या गल्लीत एकानं मिशीवालं विलायती कुत्रं आणलंय. मिनिएचर श्नाउझर आहे म्हणतो. ते अस्सल की क्रॉस?’

दोन्ही! एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मनीत शेतावर उंदीर मारणाऱ्या श्नाउझरांतली लहान चणीची कुत्री निवडली गेली, त्यांचा आफेनपिन्शरशी संकर झाला आणि त्यातून ही जात उभी राहिली. आफेनपिन्शर म्हणजे माकडतोंड्या. नाव ठेवणाऱ्यानं आडपडदा ठेवलेला नाही. चण बारीक करणारा जनुकातला बदल तर ५४,००० वर्षांपूर्वीच्या सायबेरियन लांडग्यातही सापडलाय. जर्मनांनी आयता मिळालेला माल वापरला, इतकंच.

उंची जेमतेम फूटभर, केस राठ, आणि दारात कुणी आलं की घर डोक्यावर. मिशी कशासाठी, तर म्हणे उंदरानं तोंडाला चावू नये म्हणून. मला काही हे पटत नाही. सापाशी झुंजणाऱ्या मुंगसाला कुठं दाढी असते?

मिशीचा उगम २००९ मध्ये कळला. अमेरिकेत एलेन ऑस्ट्रँडर आणि सहकाऱ्यांनी ८० जातींची हजारावर कुत्री तपासली. केसांच्या बहुतेक सगळ्या तऱ्हांचा हिशेब अवघ्या तीन जनुकांत लागला! मिशी, दाढी आणि झुपकेदार भुवया हे खातं आरएसपीओ-२ या जनुकाकडं. त्याच्या शेपटाशी डीएनएची १६७ अक्षरं जादा घुसली आहेत. हा बदल आई-बापांपैकी एकाकडून आला तरी मिशी फुटते.

आता आपल्या बाजूचं बघा. गडहिंग्लजची हिरण्यकेशी पुढं घटप्रभेला मिळते, आणि त्याच घटप्रभेच्या काठी मुधोळ. तिथले राजे मालोजीराव घोरपडे यांनी शिकारी लोकांकडची कारवानी कुत्री निवडून वाढवली. २००५ मध्ये मुधोळ हाउंड टपाल तिकिटावरही आला. त्याचं तोंड एकदम तुळतुळीत. उद्या तुमच्या गल्लीतल्या श्नाउझरचं एखाद्या मुधोळ कुत्रीशी जमलं (उंचीचं काय ते त्यांचं त्यांनी बघावं), तर झाडून सगळी पिल्लं मिशाळ निघतील. त्यांतली दोन पुढं एकत्र आली, तरी सरासरी चारांतल्या तिघांना मिशी असेलच.

तेव्हा विकणारा मिशीकडं बोट दाखवून भाव सांगू लागला, तर त्याला पिलाचे आई-बाप दाखवायला सांगा. दोन्ही.