जुन्या मोटारीचा एरियल आणि सचोटीचा धंदा

जुनी मोटार बाळगणाऱ्यांना एक तक्रार हमखास येते. रेडिओ लावताच मडगार्डमधून आपोआप वर येणारा एरियल एक दिवस निम्म्यावर अडकतो. आत मोटरची घरघर मात्र चालूच राहते.

पिंपरीत टेल्कोच्या आवारात १९९५ पासून मर्सिडीजच्या डब्ल्यू-१२४ गाड्या तयार होऊ लागल्या. पुढे २००९ साली मर्सिडीजचा कारखाना चाकणला गेला. त्या जुन्या गाड्या मात्र आजही रस्त्यावर दिसतात. अशीच एक जुनी गाडी मी घेतली आणि वरील तक्रार माझ्याही वाट्याला आली. एका मोठ्या वर्कशॉपमध्ये सांगण्यात आले की मोटरसकट पूर्ण सेट बदलावा लागेल. आकडा ऐकून मी गाडी परत फिरवली आणि कासारवाडीत नाशिक फाट्याजवळच्या एका तरुण मिस्त्रीकडे नेली.

त्याने रेडिओ लावला, डिकीजवळ कान दिला आणि म्हणाला, "चाचा, मोटर ठीक आहे. आतली दोरी तुटली आहे. फक्त दांडी बदलू."

एरियलची रचना साधी आहे. एकात एक बसणाऱ्या नळ्यांची दांडी असते आणि तिच्या तळाशी दाते असलेली नायलॉनची दोरी. मोटरचे चाक हे दाते पकडून दोरी वर ढकलते व खाली ओढते. धुळीने नळ्या जाम झाल्या की जोर दोरीवर येतो आणि ती तुटते. आवाज येत असेल तर दोष बहुधा दोरीत असतो. आवाजच नसेल तर आधी फ्यूज, मग रिले व वायर तपासावी. मोटरवर संशय सर्वांत शेवटी.

काम असे झाले. वरची नट सोडवली आणि रेडिओ लावला. मोटरने जुनी दांडी दोरीसकट बाहेर ढकलली. दोरी नव्या दोरीशी मापून पाहिली, तर ती आखूड भरली. तुकडा आत राहिला होता. तेव्हा मोटरचे झाकण उघडून तो काढला. हे न करता नवी दोरी घातली असती तर तीही अडकून तुटली असती. मग दात्यांची बाजू चाकाकडे ठेवून नवी दोरी आत सरकवली. मी रेडिओ बंद केला, मोटरने दोरी ओढून घेतली, दांडी बसली, नट आवळली. अर्ध्या तासात काम झाले.

दांडी पूर्ण वर येणेही महत्त्वाचे. एफ.एम. लहरीची लांबी सुमारे तीन मीटर असते. तिच्या पाव हिश्शाएवढी, म्हणजे साधारण ७५ सेंटिमीटर दांडी चांगली चालते. आठवड्यातून एकदा ती कोरड्या फडक्याने पुसावी. ग्रीस लावू नये, त्यावर धूळ बसते. गाडी धुण्यापूर्वी रेडिओ बंद करावा आणि पाणी निघण्याची नळी मोकळी ठेवावी, नाहीतर मोटर गंजते.

मिस्त्रीला मी विचारले, "पूर्ण सेट बदलला असता तर तुझा फायदा जास्त नव्हता का?" तो म्हणाला, "फायदा एकदाच झाला असता, चाचा."

मी कापडाचा व्यापारी. थानात डाग असेल तर तो गिऱ्हाइकाला आधी दाखवावा, हे आमच्या वडिलांनी शिकवले. मदीनेच्या बाजारात हुजूर (स.) यांनी धान्याच्या ढिगात हात घातला तेव्हा आत ओल लागली. ओले धान्य वर का ठेवले नाही, असे त्यांनी विक्रेत्याला विचारले, हा किस्सा आपण सर्वांनी ऐकला आहे. गॅरेजच्या धंद्यात तर गिऱ्हाइकाला आतले काहीच दिसत नाही. तिथे मिस्त्रीचा शब्द हीच अमानत असते.

आपल्या समाजातील अनेक मुले या हुन्नरात आहेत. त्यांनी एवढे लक्षात ठेवावे: तुटलेला भाग गिऱ्हाइकाच्या हातात द्या आणि जेवढे बिघडले तेवढेच बदला. बरकत त्यातच आहे. त्यानंतर माझ्या दुकानाचा टेम्पोही त्याच मिस्त्रीकडे जाऊ लागला.